जुन्या ट्रकचा कारभारी

"परदेशांतील आपल्या आयुष्यांतलें कांहींतरी लिहून पाठवा," असें शाळेच्या वार्षिकाच्या संपादकांचें पत्र आलें, तेव्हां प्रथम माझ्या मनांत संकोच उत्पन्न झाला. मी कांहीं लेखक नव्हे. या शाळेंतून बाहेर पडून मला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, व त्यांतील बराचसा काळ अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत गेला. येथील उंच इमारतींचीं व रुंद रस्त्यांचीं वर्णनें आपण पुष्कळ वाचलीं असतील. म्हणून मी एका जुन्या ट्रकची हकीकत सांगणार आहे. ती सांगतांना मला थोडी लाजहि वाटणार आहे. परंतु जी गोष्ट सांगतांना मुळींच लाज वाटत नाहीं, तिच्यांतून शिकण्यासारखें फारसें नसतें, असा माझा अनुभव आहे.

येथें ट्रक म्हणजे आपल्याकडील मालट्रकच असें नव्हे. पुढें मोटारीसारखी बसण्याची जागा व मागें उघडा हौदा, अशा लहान गाडीलाहि येथें ट्रकच म्हणतात. माझा ट्रक २००४ सालीं बनलेला. लांकडें, माती व बागेचें सामान वाहण्यासाठीं मीं तो जुनाच विकत घेतला होता. माझ्या मुलाला सतरावें वर्ष लागलें व गाडी चालविण्याचा परवाना मिळाला, तेव्हांपासून तो ट्रक बहुतेक त्याच्याच हातीं गेला. शाळा सुटल्यावर तो घरापासून तीन मैलांवरच्या एका किराणा दुकानांत कामाला जात असे, व मिळालेला पगार पुढील शिक्षणासाठीं शिल्लक टाकीत असे.

जानेवारी महिना होता. रात्रीं पारा शून्याच्या बराच खालीं जात होता. एके दिवशीं सकाळीं ट्रक सुरू होईना. किल्ली फिरविली, तर नुसता टक् असा आवाज झाला व पुन्हां सारें शांत. बॅटरी पार उतरली होती. मीं ती चार्ज करून घेतली. तिसऱ्या दिवशीं पुन्हां तोच प्रकार! त्या खेपेस ट्रकच्या छतांतील दिवा मला निखाऱ्यासारखा मंद जळतांना दिसला. झालें, मला अपराधी सांपडला. रात्रीं दुकानांतून परत आलेला मुलगा दिवा मालवायला विसरला असला पाहिजे, यांत मला तिळमात्र शंका उरली नाहीं.

"बाबा, मीं दिवा लावलाच नव्हता," तो म्हणाला.

"मग काय तो आपोआप लागला?" मीं विचारलें.

पुढील आठ दिवसांत हें आणखी दोनदां घडलें. दोन्ही वेळां त्यानें तेंच उत्तर दिलें, व दोन्ही वेळां तो चूक करून वर खोटेंहि बोलतो, असें मला वाटलें. दिवा विसरणें ही लहान गोष्ट आहे, पण खोटें बोलणें ही लहान गोष्ट नव्हे, असें मीं त्याला मोठ्या आवाजांत बजाविलें, ट्रकची किल्ली काढून घेतली व ती माझ्या कपाटांत ठेवून दिली. त्याची आई म्हणाली, "अहो, एकदां नीट तपासून तरी पाहा." मीं ऐकलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून मुलगा बर्फांतून तीन मैल चालत कामावर जाऊं लागला. रात्रीं त्याची आई मोटार घेऊन त्याला आणावयास जाई. त्यानें तक्रार केली नाहीं. फक्त माझ्याशीं बोलणें कमी केलें.

पांचव्या दिवशीं शनिवार होता. मीं बॅटरी पुन्हां चार्ज केली, ट्रक घेऊन स्वतः लांकडें आणलीं, स्वतःच्या डोळ्यांनीं दिवा मालवलेला पाहिला व स्वतःच्या हातानें कुलूप लावलें. रविवारीं सकाळीं पाहतों, तों छतांतील दिवा तसाच मंद जळत आहे आणि बॅटरी उतरलेली!

मी बर्फांत तसाच उभा राहिलों. किल्ली माझ्या कपाटांत होती, दार मीं लावलें होतें. आतां दोष कोणाला द्यावयाचा? खरें सांगावयाचें तर त्या दिवशीं मीं मुलाला एक शब्दहि सांगितला नाहीं. आधीं खरा दोष सांपडूं दे, मग सांगूं, अशी मीं मनाची समजूत घातली. पण तें कारण खरें नव्हतें. मुलापुढें आपली चूक कबूल करण्याचें धैर्य माझ्यापाशीं नव्हतें, हेंच खरें कारण होतें.

आमच्या गांवांतील एका मालट्रकचे चालक मला लहानपणापासून आठवतात. एखादा दिवा लागेना, म्हणजे ते बटणापासून दिव्यापर्यंत तार बोटांनीं चाचपीत जात व तुटलेली जागा शोधून काढीत. एक बटण, एक तार, एक फ्यूज, एक दिवा, असा तो सरळ हिशेब होता. माझ्या ट्रकचा हिशेब तसा नव्हता. दार उघडलें असतां दारांतील बटण दिव्याला वीज देत नाहीं; तें एका लहानशा खोक्याला फक्त वर्दी देतें. दिवा लावावा कीं नाहीं, किती वेळ ठेवावा व केव्हां मालवावा, हें तें खोकें ठरवितें. या खोक्याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. एखाद्या मोठ्या वाड्यांत मालकाच्या वतीनें कारभारी दिवाबत्ती, कुलुपें व पहारा यांची व्यवस्था पाहतो, तसा हा ट्रकचा कारभारी होय. छतांतील दिवे, दारांचीं कुलुपें, किल्ली आंत विसरल्यास वाजणारी घंटा, चोराला अडविणारी योजना, हीं सर्व कामें त्याच्याकडे असतात. इंजिनावर देखरेख करणारा संगणक निराळा. पण हे दोघे एका तारेवरून एकमेकांना निरोप पाठवीत असतात.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. मोटारींत विजेचीं उपकरणें वाढत गेलीं, तशा तारांच्या जुड्या इतक्या जाड व जड होऊं लागल्या कीं, त्या नेण्यास जागा पुरेना. एकाच वाटेवरून अनेक निरोप पाठवितां आले, तर पुष्कळ तांबें व पुष्कळ जागा वांचते. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९८६ सालीं डेट्रॉइट शहरांत भरलेल्या मोटार-इंजिनियरांच्या परिषदेंत कॅन नांवाची अशी एक पद्धति जगापुढें मांडली. पुढें अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींची तपासणी याच पद्धतीनें व्हावी, असें २००८ सालच्या गाड्यांपासून बंधन आलें. माझा ट्रक त्याआधींचा असल्यामुळें त्यांतील निरोप जुन्या व मंद पद्धतीनें जातात; पण मूळ कल्पना तीच.

या कारभाऱ्याचें आणखी एक कर्तव्य आहे, व तें म्हणजे वेळेवर झोपणें. गाडी बंद करून दारें लावलीं कीं, थोडा वेळ वाट पाहून त्यानें स्वतः झोपीं जावें व इतरांनाहि झोपूं द्यावें, म्हणजे बॅटरी शिल्लक राहते. माझ्या ट्रकचा कारभारी झोपत नव्हता.

आमच्या भागांत एक वृद्ध मोटार-कारागीर आहेत. त्यांना मीं बोलाविलें. त्यांनीं कोणत्याहि भागाला हात लावण्यापूर्वीं मोजमाप सुरू केलें. बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवून तिच्यामध्यें विजेचा प्रवाह मोजणारा मीटर जोडला. मीटर जोडलेला असतांना इंजिन सुरू करण्यासाठीं किल्ली चुकूनहि फिरवूं नये, नाहीं तर मीटर जळतो, असें त्यांनीं मला आधींच बजाविलें. दार उघडें ठेवून त्याच्या कडींत त्यांनीं स्क्रूड्रायव्हरनें खटका पाडला, म्हणजे ट्रकला दार लागलें आहे असेंच वाटावें. मग आम्ही अर्धा तास नुसते थांबलों. या वेळीं माझा मुलगा घराबाहेर आला व कोणी न सांगतां बॅटरीवर विजेरी धरून उभा राहिला.

झोपलेल्या गाडींत साधारणतः ५० मिलिअँपिअरपेक्षां कमी प्रवाह असावा. आमच्या मीटरवर २ अँपिअर, म्हणजे त्याच्या चाळीस पट आंकडा दिसत होता. कारागिरांनीं मुलाला विचारलें, "बारा तासांत किती वीज जाईल?" त्यानें तत्काळ उत्तर दिलें, "२४ अँपिअर-तास." लहानशा दिसणाऱ्या या गळतीनें बॅटरीचा तिसरा हिस्सा एका रात्रींत रिकामा होत होता, आणि कडाक्याच्या थंडींत बॅटरीची शक्ति तशीहि निम्म्याजवळ येते. मग एकेक फ्यूज काढून पाहतां पाहतां मॉड्यूलचा फ्यूज निघाला, आणि मीटरवरचा आंकडा एकदम ३० मिलिअँपिअरवर उतरला.

"सांपडला!" मी ओरडलों. "आजच नवें मॉड्यूल मागवूं."

कारागीर शांतपणें म्हणाले, "थांबा. गळती कोणत्या घरांत आहे एवढेंच फ्यूजनें सांगितलें. त्या घरांत अपराधी कोण, हें त्यानें सांगितलेलें नाहीं."

हे शब्द ऐकतांच मला शाळेंतील सुतारकामाच्या वर्गाची आठवण झाली. आमचे गुरुजी करवत उचललेल्या मुलाला विचारीत, "रेघ कोठें आहे?" रेघ मारलेली नसली, तर ते कांहीं न बोलतां त्याच्या हातांतून करवत काढून घेत. माझ्याहि हातांतून ती कितीदां तरी काढून घेतली गेली होती. पण मला धडा मिळाला नव्हता. मुलाच्या बाबतींत मीं रेघ न मारतांच करवत चालविली होती, व आतां मॉड्यूलच्या बाबतींतहि तेंच करावयास निघालों होतों.

कारागिरांनीं आणखी तीन गोष्टी तपासल्या. पहिली ही कीं, कारभाऱ्याला कोणी खोटी वर्दी तर देत नाहीं? दाराचें बटण बिघडून "दार उघडें आहे" असें सारखें सांगत असेल, तर बिचारा कारभारी जागाच राहील, व दोष त्याचा नसेल. अमेरिकेंत १९९६ सालापासूनच्या मोटारींत चालकाच्या गुडघ्याजवळ तपासणीची एक खांचणी असते. तिला यंत्र जोडून पाहिलें, तों दारें लागलेलीं, किल्ली काढलेली, सर्व बटणें बंद, अशाच वर्द्या मॉड्यूलला पोंचत होत्या. दुसरी गोष्ट म्हणजे मॉड्यूलची जमिनीची तार, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली परतीची तार. तिचा सांधा गंजला, तर चांगलें मॉड्यूलहि वेड्यासारखें वागतें, व पुष्कळ चांगलीं मॉड्यूलें याच कारणानें फुकट बदललीं जातात, असें ते म्हणाले. तोहि सांधा ठीक निघाला. तेव्हां त्यांनीं चाकाखालचें झांकण काढून मॉड्यूल बाहेर घेतलें व तें उघडलें. आंतील पाटीच्या एका कोपऱ्यावर हिरवा थर चढला होता.

"पाणी," ते म्हणाले. "आतां पाणी कोठून आलें तें शोधूं. नाहीं तर नवें मॉड्यूलहि असेंच मरेल."

मुलानें समोरच्या कांचेवर नळीनें हलकें पाणी सोडलें, व मी आंत खालीं वांकून पाहत राहिलों. थोड्या वेळानें कांचेच्या वरच्या कडेंतून एक थेंब उतरला, खांबाच्या आंतल्या अंगानें वाहत आला व नेमका मॉड्यूलच्या जागीं पोंचला. ही कांच दोन वर्षांपूर्वीं दगड लागून फुटली होती, व मीं ती नवी बसवून घेतली होती. चार ठिकाणीं भाव विचारून सर्वांत स्वस्त जो निघाला त्याला मीं काम दिलें होतें, व काम झाल्यावर कडेला एकदां बोट लावूनहि पाहिलें नव्हतें.

अशा रीतीनें अपराध्याचा शोध संपला. मुलाकडून बॅटरीकडे, बॅटरीकडून मॉड्यूलकडे, मॉड्यूलकडून पाण्याकडे व पाण्याकडून कांचेकडे आलेली ती वाट शेवटीं माझ्याच दारांत येऊन थांबली. मुलाच्या हें लक्षांत आलें असलेंच पाहिजे. पण तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें नळी गुंडाळून जागेवर ठेवली.

प्रथम कांचेची कड नीट बसवून घेतली. नंतर नवें मॉड्यूल आलें. मोडीत काढलेल्या गाडीचें स्वस्तांत मिळालें असतें. पण त्यांत दुसऱ्या गाडीचा क्रमांक असतो व तो त्रास देतो, असा कारागिरांचा सल्ला पडला. या खेपेस मीं स्वस्ताचा आग्रह धरला नाहीं. बॅटरीची ऋण तार सोडविली. अंगांत साठलेल्या विजेनें नाजूक भाग बिघडूं नयेत म्हणून आधीं उघड्या धातूला हात लावला. तारांच्या जोडण्यांचें छायाचित्र घेतलें, मग एकेकीचा खटका दाबून ती जुन्या मॉड्यूलमधून काढली व नव्यांत बसविली. हें सर्व काम मुलानें केलें. विजेरी धरण्याचें काम आतां माझ्याकडे होतें.

एवढें झाल्यावर किल्ली फिरविली. इंजिन सुरू झालें, व दोन क्षणांत बंद पडलें. मी घाबरलों, कारागीर हंसले. नवा कारभारी वाड्यांत आला, पण त्याला कोणी ओळखत नाहीं, असें ते म्हणाले. चोरी होऊं नये म्हणून माझ्या ट्रकमध्यें अशी योजना आहे कीं, मॉड्यूलकडून ओळखीचा संकेत आल्यावांचून इंजिनाचा संगणक इंजिन चालूं देत नाहीं. त्यांनीं आपल्या यंत्रानें ट्रकचा सतरा अक्षरांचा क्रमांक व इतर माहिती नव्या मॉड्यूलमध्यें भरली. अशीं यंत्रें व माहिती लहान कारागिरांनाहि मिळावी, म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्यांतील मतदारांनीं २०१२ सालीं कायद्याच्या बाजूनें कौल दिला होता, व त्याचा उपयोग पुढें इतर राज्यांनाहि झाला. मग ते म्हणाले, "आतां ओळख पटायला तीस मिनिटें लागतील. त्याला दुसरा जवळचा मार्ग नाहीं." बॅटरीला चार्जर लावून, काय करावयाचें तें समजावून ते दुसऱ्या कामाला निघून गेले.

रीत अशी. किल्ली फिरवावयाची, इंजिन बंद पडलें कीं किल्ली चालू जागेवर तशीच ठेवावयाची. समोर कुलुपाचा एक लहान दिवा लागतो. सुमारें दहा मिनिटांनीं तो विझतो. मग किल्ली बंद करून क्षणभर थांबावयाचें, व पुन्हां तेंच. अशा तीन फेऱ्या.

पहिलीं दहा मिनिटें आम्ही दोघेहि त्या दिव्याकडे पाहत गप्प बसलों. बाहेर बर्फ पडत होतें. दिवा विझला. मुलानें किल्ली बंद केली, व पुन्हां फिरविली.

दुसऱ्या फेरीला मी म्हणालों, "तूं दिवा लावला नव्हतास. तूं खरें बोलत होतास, आणि मीं तुला खोटें ठरविलें. त्या रविवारींच मला तें कळलें होतें. पण तुला सांगायला मला लाज वाटली. माझी चूक झाली."

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "बाबा, चालण्याचें मला कांहीं वाटलें नाहीं. पण तुम्हीं मला एकदांहि विचारलें नाहीं, कीं मीं काय पाहिलें. मीं दोनदां रात्रीं खिडकींतून पाहिलें होतें. दिवा आपोआप लागायचा. मला तें सांगायचें होतें."

माझ्या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं पहिल्यापासून होतें. "मग काय तो आपोआप लागला?" असें मीं विचारलें होतें खरें, पण तें उत्तर ऐकण्यासाठीं विचारलेंच नव्हतें.

तिसऱ्या फेरींत तो दुकानांतल्या गमती सांगूं लागला. दिवा केव्हां विझला, हें आम्हांला कळलेंहि नाहीं. त्यानें किल्ली बंद केली, थोडें थांबला, व पुन्हां फिरविली. इंजिन सुरू झालें आणि सुरूच राहिलें. त्या रात्रीं अर्धा तास थांबून आम्ही दोघांनीं पुन्हां प्रवाह मोजला. तो २५ मिलिअँपिअर भरला. कारभारी झोपला होता. मीं किल्ली मुलाच्या हातांत दिली.

विद्यार्थीमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें कारागीर होईल, कोणी डॉक्टर, कोणी शिक्षक. कोणताहि भाग बदलण्यापूर्वीं, कोणताहि निकाल देण्यापूर्वीं आधीं मोजा, आणि दोष सांपडल्यासारखा वाटला तरी त्याच्या मागें आणखी एक पाऊल जाऊन पाहा. आणि माझ्यासारख्या पालकांना एवढीच विनंति आहे कीं, मुलाला प्रश्न विचारावयाचा, तर त्याचें उत्तर ऐकण्याच्या तयारीनें विचारावा. बिघडलेलें मॉड्यूल पैसे देऊन बदलतां येतें; पण मुलाचा आपल्यावरचा विश्वास विकत मिळत नाहीं. तो परत मिळवावयाचा, तर त्याच्या शेजारीं बसून, आपली चूक बोलून दाखवून, दिवा विझेपर्यंत वाट पाहावी लागते.

— एक माजी विद्यार्थी